वर बसणारी

१

मे लागला की आमचा ओढा जमिनीखाली झोपायला जातो. शहाणा आहे. सोनोराच्या वाळवंटाचं ऊन वर आम्हाला भाजतं आणि हा खाली गारव्यात पाय पसरून पडतो. नाव त्याचं सोर्दो, म्हणजे बहिरा. किती शिव्या घाला, त्याला ऐकू येत नाही. पावसाळ्यात मात्र असा येतो की कोंबड्या, खाटा, एकदा तर कोणाची तरी शवपेटी, रिकामीच हं, सगळं उचलून नेतो.

त्याच्या काठानं तीन गावं. सगळ्यात वरचं ओस पडलंय. मधलं बाकाचे, तिथं अजून थोड्या चुली पेटतात. खालचं आमचं तेसाल. बाकाचेवाले आम्हाला म्हणायचे, तुम्ही आमचं उष्टं पाणी पिता. आम्ही म्हणायचो, म्हणून तर आमची अक्कल तुमच्याएवढी राहिली.

ओढा झोपला की आम्ही त्याच्या वाळूत झिरे खणायचो. घरटी एक. सगळं पात्र देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखं दिसायचं. वाळवंट तापत जातं तसं पाणी खाली जातं, आणि पाण्यामागं आपण. जून येईस्तोवर झिरा माणूसभर खोल होतो. मग त्याला दोघी लागतात. एक आत उतरते, दुसरी वर बसते. आतली वाळक्या भोपळ्याच्या अर्ध्या चिरलेल्या तुंब्यानं पाणी खरवडून वर करते, वरची हात खाली सोडून तुंबा घेते, फडक्यातून बादलीत ओतते, रिकामा परत देते.

वरचीनं आत डोकावायचं नाही. काठाची वाळू ढासळते, उजेडही जातो. थोडं मागं बसायचं आणि बोलत राहायचं. काहीही बोल, पण बोल. वाळूचा भरवसा नाही, घटकेत तोंड मिटून घेते. वरचं बोलणं चालू आहे म्हणजे वर माणूस आहे, एवढंच आतलीला कळायला हवं. आतलीला धाप लागलेली असते, ती तोंडानं उत्तर देत नाही, तुंब्यावर टिचकी मारते. वरची गप्प झाली तर आतली काम टाकते आणि हात वर करते, म्हणजे काढ मला. आणि आतली बाहेर आल्याशिवाय वरचीनं उठायचं नाही. मग घर पेटलं तरी.

मी वर बसणारी. माझे गुडघे जाडे आणि जीभ बारीक, मला दुसरं काम कोण देणार? आत उतरायची तोमासा. माझ्या लेकाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिनं त्याला हातांवर धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. आमच्याकडं हे नातं बहिणीहून घट्ट. बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी भांडलं तर देव जाब विचारतो. आम्ही रोज भांडायचो. देवाला सवड झाली नसावी.

२

यंदा तेसालात आम्ही दोघीच उरलो होतो, आणि वाळूत एकच झिरा.

ईस्टरला तोमासाची लेक ओफेलिया शहरातून पिकअप घेऊन आली. आईची घरघर ऐकली, सुजलेले पाय बघितले आणि म्हणाली, आई, चल. तोमासा म्हणाली, पाणी आहे तोवर मी इथं. मायलेकींचं असं ठरलं की झिरा ज्या दिवशी आटेल त्या दिवशी ओफेलिया येऊन तिला घेऊन जाईल. जाताना ओफेलियानं मला बोटानं बजावलं, कुका मावशी, यात तुझा चावटपणा नको.

तिचं काही चुकलं नाही. पाद्रीबुवांच्या टोपीत मी बेडकी ठेवली होती. बाकाचेच्या मेलितोनच्या गाढवाच्या शेपटीला गाईची घंटा बांधली होती, तो त्याच गाढवावर बसून दुपारभर हरवलेली गाय शोधत होता. घंटा कायम त्याच्या मागूनच वाजायची. अशी माझी ख्याती. माझं खरं कोणी मानत नाही, आणि खोटं सगळे मानतात.

पण या वेळी मला हसू येत नव्हतं. एकटीला खोल झिऱ्याचं पाणी काढता येत नाही. तोमासा गेली की मीही गेले. कुठं? लेक सरहद्दीवरच्या गावात, जिन्यावरच्या एका खोलीत, आणि खोलीत सून. सुनेचं मी काही वाईट सांगत नाही. तुम्ही तिला एकदा भेटा म्हणजे झालं.

तर मी रोज सकाळी वर बसून बडबड करायची आणि मनात म्हणायची, आटू नकोस रे बहिऱ्या, एवढं वर्ष आटू नकोस.

तर नाही आटला.

३

आधी कळलंच नाही. दमलेल्या माणसाला चांगली गोष्ट उशिरा कळते.

एका सकाळी तोमासा आत उतरली आणि तिथूनच मला शिवी दिली. पाय ठेवायला तिनं झिऱ्याच्या भिंतीत खोबण्या केल्या होत्या. शेवटच्या खोबणीवरून पाय खाली सोडला की तळ लागायचा. त्या दिवशी पाय लोंबकळला. तळ खाली गेला होता, आणि खाली जायला आणखी एक खोबण तयार होती, नीट पावलाएवढी.

ती पाणी काढून वर आली, वाळूत बसून राहिली आणि म्हणाली, "या वयात तुला खड्डे खणायला जोर कुठून येतो गं?"

मी म्हटलं, मला तूच सांग, रोज संध्याकाळी कमरेला हात लावून कण्हतेस आणि चोरून खणतेस. तिला वाटलं मी सोंग करतेय. मला वाटलं ती करतेय. लेकीला दाखवायला की पाणी आहे. मी मनातून खूश झाले, म्हणजे म्हातारीला जायचं नाही तर.

दुसऱ्या दिवशी तळ आणखी खाली. खोबण आणखी एक. पाणी गुडघाभर आणि इतकं गार की दातांत कळ यायची.

घरी येऊन भाकरीचं पीठ मळताना माझ्या डोक्यात आलं. भाकरी म्हणजे मक्याच्या तोर्तिया हो, हात तोच चालतो. डोक्यात आलं ते असं: झिरा खणला की वाळू निघते. ती वर टाकावी लागते. दर वर्षी काठाला ढिगारा होतो, गुरं त्यावर बसतात. मग ही वाळू कुठंय?

हात तसेच पिठाचे घेऊन परत गेले. सगळीकडं फिरले. आमचा जुना ढीग होता तेवढाच, वर कोंबडीच्या पायांची नक्षी. नवी मूठभरही नाही. वारं नव्हतं. पाणी वाहत नव्हतं. वाळू बाहेर आलीच नव्हती.

४

मला वाटलं हा मेलितोनचा सूड. घंटेचा. म्हणून मी बाकाचेला गेले. तो मेस्कितेच्या झाडाखाली दुखरा पाय उंचावर ठेवून पडला होता. त्याचा झिरा कधीच कोरडा पडलेला, टँकरवर जगत होता. मी विचारल्यावर तो हसला, म्हणाला, मला फसवायला एवढ्या उन्हात चालत आलीस, तुझं कौतुक आहे. मग म्हणाला, पण दुपारी का काढता गं पाणी तुम्ही? गाढवावरून गुरांकडं जाताना रोज खरवडल्याचा आवाज येतो. सकाळची वेळ काय वाईट होती?

आम्ही दुपारी काढत नाही. दुपारी कुत्रंसुद्धा भिंतीची सावली सोडत नाही.

त्या दुपारी मी खाटेवर पडले पण डोळे उघडे ठेवले. तोमासा पलीकडच्या घरात घोरत होती, तिचं घोरणं मला भिंतीतून पाठ आहे. पत्रा तापून टकटक करत होता. आणि त्या दोन आवाजांच्या मधे, लांबून, खर्र. मग थांबायचं. मग खर्र. तुंब्याची कड ओल्या वाळूवर अशीच वाजते.

घोरणं चालू होतं. म्हणजे तोमासा नाही. मी खाटेवर होते. म्हणजे मी नाही.

काठी घेऊन गेले. बकरी असेल, मी स्वतःला सांगत होते. कोयोटी असेल, पंजानं उकरत असेल. ओढ्यात पाय ठेवला तसा आवाज बंद झाला. गुरं पडू नयेत म्हणून झिऱ्यावर सकाळी आम्ही ठेवलेलं काटेरी फांद्यांचं फांजर तसंच्या तसं होतं. काठावर तुंबा पालथा होता, आम्ही ठेवतो तसाच. मी तो उचलला.

ओला होता. अशा उन्हात फडकं पिळून टाकलं तर मागं वळेपर्यंत वाळतं.

मी फांजर बाजूला केलं नाही. खरं सांगते, बघायचा कंटाळा आला. भीती असेल तर असेल, पण मला कंटाळाच वाटला. एका वयानंतर माणूस नवीन काही बघायला तयार नसतो. तुंबा पालथा ठेवला आणि घरी येऊन पडले.

५

पुढच्या सकाळी मला उठायला उशीर झाला. मी पोचले तर फांजर बाजूला सारलेलं, तुंबा काठावर नाही, आतून पाण्याचा आवाज. तोमासा कधी कधी पुढं येते. काठावर तिच्या वहाणा नव्हत्या, ती नेहमी काढून ठेवते. मला वाटलं विंचवाच्या भीतीनं घालून उतरली. मी माझ्या जागेवर मागं बसले, बादली ओढली, हात खाली सोडला. भरलेला तुंबा हातात आला.

मग मी बोलायला लागले. मेलितोनच्या गाढवाची गोष्टच काढली. तिनं ती हजारदा ऐकलीय, पण घंटेपाशी नेहमी हसते. तुंबा वर, तुंबा खाली. आज तिचं काम झपझप चाललं होतं. धाप नाही, खोकला नाही. मी म्हटलं, काय गं, ओफेलियानं कसलं औषध पाठवलं, मलाही दे एक चमचा. आतून टिचकी वाजली.

गोष्ट घंटेपाशी आली. आत कोणी हसलं नाही. टिचकी वाजली.

एक बादली भरली. मी हात वर न घेता तशीच वळून दुसरी पुढं घ्यायला गेले आणि मला पायवाट दिसली. पायवाटेवरून तोमासा येत होती. केस मोकळे, हातात तिची बादली, एका पायानं लंगडत. लांबूनच म्हणाली, रात्रभर पोटऱ्या वळल्या, जाग आली नाही, तू एकटी काय करतेस तिथं?

माझा हात झिऱ्यात होता. त्यात कोणीतरी भरलेला तुंबा ठेवला.

मी तो वर घेतला. दुसरं काय करणार? सवयीनं फडक्यातून ओतला. तोमासा काही पावलांवर उभी राहिली. ती माझ्याकडं बघत नव्हती.

मी गप्प झाले होते ना. म्हणून तो वर आला. हात. नुसता, तुंब्याशिवाय, मनगटापर्यंत. काढ मला म्हणून आपण करतो तसा, तळवा वर करून. वाळूच्या रंगाचा. पाण्यात वर्षानुवर्षं पडलेल्या गोट्यासारखा गुळगुळीत. हातावर रेषा असतात ना तुमच्या माझ्या, जिथून बायका लग्न आणि आयुष्य वाचतात? तिथं काही नव्हतं. सगळं घासून गेलेलं.

"ऊठ," तोमासा म्हणाली.

मला उठता येईना. हसाल तुम्ही, पण भीतीनं नाही. आतली बाहेर आल्याशिवाय उठायचं नाही, हे मला माझ्या आईनं चापट्या मारून शिकवलंय. माझे गुडघे तेच ऐकत होते. तोमासानं मागून माझ्या काखांत हात घालून मला ओढलं, आणि आम्ही दोघी वाळूत पडलो. मग उठलो. बादली मात्र घेतली. पाण्याची बादली टाकून कोण येतं?

६

ती बादली दिवसभर तोमासाच्या स्वयंपाकघरात मधोमध होती. आम्ही दोघी दोन बाजूंना. टँकर आमच्या बाजूला येत नाही, पूल वाहून गेल्यापासून. बाकाचेपर्यंत जाऊन घागर उचलून आणायची ताकद कोणात होती? ऊन कलल्यावर तोमासानं पेला बुडवला आणि प्याली. मग मी. गोड होतं. माती नाही, काही नाही. मला त्याचाच राग आला.

मग ती मान खाली घालून जे बोलली ते मी कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं.

"कोमाद्रे, मी झिरा आटायची वाट बघत होते. ईस्टरपासून. रोज उतरताना म्हणायचे, आज कोरडा असू दे, म्हणजे जाता येईल. मी दमले गं."

वर बसून मी नेमकं उलटं मागत होते. तिच्या डोक्यावर बसून.

तिनं ओफेलियाला आधीच फोन केला होता, झिरा आटला म्हणून. लेक उद्या येणार होती. पण आईच्या शब्दावर जाणारी नाही, झिरा बघणार, कारण मी इथं आहे आणि माझा भरवसा नाही. पाणी बघितलं तर विचारेल, मग आटला का म्हणालीस, आणि खरं तिला कोण सांगणार? आणि तिनं सवयीनं हात आत सोडला तर? आम्हीच शिकवलंय तिला.

"आख्ख्या मुलखाला फसवलंस," तोमासा म्हणाली, "हिला एकदा फसव."

मी विचारलं, आणि माझं काय? ती म्हणाली, ओफेलियाकडं एकच जादा खाट आहे, पण तूही चल, मी भिंतीकडं सरकेन. मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरी येऊन एक लुगडं आणि कंगवा पिशवीत भरला. लुगडं कुठलं, झगाच तो. म्हणजे मी जाणार होते. हे लक्षात ठेवा.

७

ओफेलिया सकाळीच आली. पिकअपचा आवाज ऐकला तशी मी पुढं निघाले आणि माझ्या जागी जाऊन बसले. बादली पालथी घातली, दोन्ही हात मांडीवर दाबून ठेवले. हात आत सोडला नाही तर तुंबा वर येणार नाही. आणि बोलणं थांबलं नाही तर आतली हात वर करणार नाही. एवढं साधं होतं. बोलायचं. तेवढं मला येतं.

फांजर बाजूला होतं. आत खर्र, खर्र चालू होतं. मी मोठ्यानं बोलत होते, म्हणजे तो आवाज माझ्या आवाजाखाली जाईल.

ओफेलिया काठावर आली, कमरेवर हात ठेवून उभी. मागं तोमासा, डोक्याला रुमाल बांधलेली. ओफेलिया म्हणाली, मावशी, कोणाशी बोलतेस? मी म्हटलं, झिऱ्याला शिव्या घालतेय, मेला आटला, तुझ्या आईला पळवायला निघालीस तू, आता मी भांडू कोणाशी, बघ ही बादली, बुडाला बुरशीसुद्धा धरत नाही, वास घे हवा तर, ये, ये, पण टाच जपून, काठ ढासळतोय. असं न थांबता. दम सुद्धा बोलता बोलता घेत होते.

तिनं पालथ्या बादलीकडं बघितलं. माझ्या कोरड्या हातांकडं बघितलं. पुढं एक पाऊल टाकलं. तोमासानं तिचा दंड धरला, म्हणाली, ऊन होण्याआधी निघू या.

आणि ओफेलियाचा चेहराच बदलला. ती पोर असताना मी तिच्या वेणीला गोखरू लावायचे, ती माझा राग राग करायची. ती माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "मावशी, तूही चल. एकटी काय करशील इथं? होईल काहीतरी."

कोणी मला असं विचारून किती दिवस झाले होते. एक श्वासभर मी गप्प झाले.

आतलं खर्र थांबलं.

माझ्या झग्याची कड झिऱ्याच्या बाजूला पसरली होती. ओफेलियाला ती बाजू दिसत नव्हती, तोमासाला दिसत होती. कड घट्ट झाली. ओढ नव्हती, नुसती पकडलेली. ओल खाली नडगीपर्यंत आली.

तोमासाचे ओठ हलले. ती बोलली असती तर ओफेलिया पुढं आली असती, बसली असती, हात दिला असता. चांगली पोरगी आहे. मी तोमासाकडं बघितलं आणि एक डोळा मिटला. टोपीत बेडकी ठेवल्यावर तिला मिटून दाखवला होता, तसा.

मग म्हटलं, मी आणि शहर? तिथं नळाचं पाणी पिऊन माझी जीभ मऊ पडेल. जा तुम्ही, रविवारी फोन करा, आणि हिला रात्री भात देऊ नका, वारा धरतो. ओफेलिया हसली. तोमासा हसली नाही. मान वळवून चालायला लागली, लंगडत, एकदाही मागं न बघता. तिला राग आला असेल तर येवो. ती चालत होती एवढं मला पुरे होतं.

मी बोलत राहिले. दार लागल्याचं ऐकलं, इंजिन ऐकलं, चढणीवर गियर बदलला ते ऐकलं. मग काही ऐकू येईना. तरी बोलत राहिले. गाढव झालं, बेडकी झाली, लग्नातली वरात झाली. ऊन डोक्यावर आलं. माझ्याकडच्या गोष्टी संपल्या.

गप्प झाले तसा झग्याच्या कडेवरचा हात सुटला आणि माझ्यासमोर उघडला.

दमलेल्याचा हात मला कळतो. जन्मभर एकीचा वर ओढलाय. मी डोळे मिटून घेतले, टाचा वाळूत रोवल्या आणि ओढलं.

वजन ओळखीचं निघालं.

८

रविवारी ओफेलियाचा फोन आला. आमच्याकडं फोन चुलीजवळच्या खिडकीतच लागतो, म्हणून मी उभ्या उभ्या पीठ थापत बोलत होते. म्हणाली, आई बरी आहे, पायाची सूज उतरली, पण दिवसभर झोपते आणि जागी असली तरी बोलत नाही. तुझं विचारलं की भिंतीकडं तोंड करते.

मी म्हटलं, झोपू दे तिला, तिची झोप राहिलीय.

मग तिनं विचारलं, मावशी, पाण्याचं कसं करतेस? मी म्हटलं, आहे की पाणी, झिरा पुन्हा लागला, बहिऱ्याची लहर. ती म्हणाली, खोल झिरा एकटी कसा काढतेस तू?

मी म्हटलं, "एकटी कुठं?"

ती खूप हसली. मीही हसले, आणि तव्यावर दुसरीच्या वाटची तोर्तिया टाकली. ती खात नाही. पण ताटात वाढलं नाही तर तिथंच उभी राहते.